शेक्सपिअरची मिळकत आणि त्याच्या नाटकांतले दरिद्री

‘किंग लिअर’ वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: वादळात सापडलेल्या राजाच्या तोंडी उघड्यानागड्या गरिबांसाठी इतके आर्त शब्द घालणारा शेक्सपिअर स्वतः गरिबीतून वर आला होता का? आणि टंचाईच्या काळात त्याच्या घरी धान्याचा साठा होता, थकलेल्या रकमांसाठी तो शेजाऱ्यांवर फिर्यादी करत होता, हे खरे असेल तर त्या शब्दांवर विश्वास कसा ठेवायचा?

एलिझाबेथकालीन नाटक शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि हौशी रंगमंचावर त्यातली काही नाटके मी बसवलीही. हा प्रश्न वर्गात बहुतेक दरवर्षी येतो आणि तो यावा असेच मला वाटते, कारण शेक्सपिअरच्या मनाविषयी कागद फार थोडे असले तरी त्याच्या पैशाविषयी पुष्कळ आहेत. खरेदीखते, कराच्या याद्या, न्यायालयाचे दाखले, त्याच्या नावे लिहिलेले एकमेव पत्र आणि मृत्युपत्र हे सगळे आज वाचता येते. ते वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की तो दरिद्री घरात जन्मला नाही, पण चांगले चाललेले घर खाली येताना त्याने अगदी जवळून पाहिले. पुढे त्याने जी मिळकत केली तिच्यात लेखणीच्या मोबदल्याचा वाटा लहान होता. आणि गरिबीविषयी त्याच्या नाटकांना जे कळते ते त्याच्या व्यवहारात फारसे उतरलेले दिसत नाही. यातली एक बाजू झाकून दुसरी वाचता येत नाही.

आधी नाण्यांचा हिशेब ध्यानात ठेवावा. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या कुशल सुताराला किंवा गवंड्याला दिवसाला सुमारे १६ पेन्स मिळत आणि बिगाऱ्याला सुमारे १०. पुढच्या प्रत्येक आकड्याला मी हे माप लावणार आहे, कारण चारशे वर्षांपूर्वीच्या पौंडाचे आजच्या रुपयांत रूपांतर केले तर दिशाभूलच अधिक होते.

शेक्सपिअरचा बाप जॉन स्ट्रॅटफर्डमध्ये मऊ कातडी कमावून हातमोजे करणारा कारागीर होता. शेतकऱ्याच्या घरातून तो गावात आला, जमीनदाराच्या मुलीशी त्याचे लग्न झाले, हेन्ली स्ट्रीटवर त्याने घरे घेतली आणि १५६८ साली तो नगराचा बेलिफ, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्ष झाला. हातमोज्यांखेरीज त्याचे आणखी दोन धंदे होते आणि दोन्ही कायद्याच्या कडेवरचे: परवान्याशिवाय लोकरीचा व्यापार आणि सावकारी. ८० आणि १०० पौंड उसने देऊन प्रत्येकावर २० पौंड व्याज घेतल्याचे आरोप १५७० च्या सुमारास त्याच्यावर झाले. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या शायलॉक या सावकाराचा निर्माता स्वतः सावकाराच्या घरात वाढला, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी चकित करते. पण त्या काळात बँका नव्हत्या आणि गावातला प्रत्येक सुस्थित माणूस कोणाचा तरी धनको आणि कोणाचा तरी ऋणको असे.

१५७७ पासून जॉन नगरसभेच्या बैठकांना येईनासा झाला. १५७८ मध्ये त्याने बायकोच्या वारशातली विल्मकोटची जमीन मेहुण्याकडे ४० पौंडांना गहाण टाकली आणि ती त्या घराला पुन्हा कधीच परत मिळाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरसभेने ठराव केला की प्रत्येक सभासदाने गरिबांच्या मदतीसाठी आठवड्याला ४ पेन्स द्यावेत. त्या ठरावात जॉन शेक्सपिअरला आणि आणखी एकाला सूट दिलेली आहे. सहकाऱ्यांनी दाखवलेला हा सौजन्याचा भाग होता यात शंका नाही. पण ज्या माणसाने दहा वर्षांपूर्वी त्याच सभेचे अध्यक्षपद भूषवले होते, त्याला आठवड्याचे चार पेन्स परवडत नाहीत हे कागदावर लिहिले गेले, तेव्हा त्याचा थोरला मुलगा चौदा वर्षांचा होता. १५८६ साली जॉनच्या जागी दुसरा सभासद नेमला गेला. १५९२ मध्ये चर्चला न येणाऱ्यांची जी यादी झाली तिच्यात त्याच्या आणि आणखी काहींच्या नावांपुढे कारण नोंदले आहे, ते म्हणजे कर्जाच्या समन्सची भीती. रविवारी चर्चच्या दारात धनको गाठील म्हणून माणूस घरात बसतो, हे दृश्य शेक्सपिअरच्या चरित्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उपासमार त्या घरात नव्हती. हेन्ली स्ट्रीटचे घरही राहिले. पण पत गेली होती, आणि छोट्या गावात पत गेलेल्या घरातल्या मुलाला जे कळते ते जन्मतः गरीब किंवा जन्मतः श्रीमंत माणसाला कळत नाही.

अठराव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षापर्यंत तीन मुले, आणि त्यानंतर कधीतरी लंडन. तिथे त्याने जो धंदा धरला त्याची कायद्यातली जागा पाहण्यासारखी आहे. १५७२ च्या कायद्याने भटक्या आणि सशक्त भिकाऱ्यांना चाबकाचे फटके आणि तापल्या लोखंडाने उजव्या कानाची पाळी जाळण्याची शिक्षा ठरवली होती. आणि या भटक्यांच्या व्याख्येत, एखाद्या सरदाराचा आश्रय नसलेले नट स्पष्टपणे घातले होते. म्हणजे नट आणि भिकारी यांच्यामध्ये सरदाराच्या गणवेशाइतकेच अंतर होते. मंडळ्यांची नावे ‘लॉर्ड चेंबरलेनचे सेवक’ किंवा पुढे ‘राजाचे सेवक’ अशी का असत याचे उत्तर या कायद्यात आहे. एका सुनीतात शेक्सपिअर म्हणतो की लोकांपुढे उभे राहून पोट भरावे लागल्याने माझ्या नावाला डाग लागला आणि रंगाऱ्याच्या हातासारखा माझा स्वभाव ज्यात काम करतो त्याच रंगाचा झाला. हे मी शब्दशः चरित्र म्हणून वाचत नाही, पण धंद्याची लाज म्हणजे काय ते लिहिणाऱ्याला ठाऊक होते एवढे नक्की.

नाटके लिहून पोट भरणाऱ्यांचे काय होत असे, याची उदाहरणे त्याच्या डोळ्यांसमोर होती. केंब्रिजचा पदवीधर रॉबर्ट ग्रीन सप्टेंबर १५९२ मध्ये एका गरीब मोच्याच्या घरी मेला आणि मरताना त्याच्याच दहा पौंडांच्या ऋणात होता. त्याच्या नावावर त्याच महिन्यांत छापलेल्या पुस्तिकेत नटांविरुद्ध जो संताप आहे, आमच्या पिसांनी सजलेला उपटसुंभ कावळा म्हणून शेक्सपिअरला जो टोला आहे, तो वाङ्मयीन असूयेइतकाच मजुरीचा आहे: शब्द आम्ही लिहिले आणि पैसा ते बोलून दाखवणाऱ्यांनी नेला. थॉमस डेकरने डझनावारी नाटके लिहिली आणि १६१२ ते १६१९ ही वर्षे कर्जापायी तुरुंगात काढली. हा हिशेब समजून घेतल्याखेरीज शेक्सपिअरचे वेगळेपण कळत नाही, म्हणून इथे थोडे थांबते.

१५९० च्या दशकात नव्या नाटकाला साधारण ६ पौंड मिळत. १६ पेन्सांच्या मापाने ही सुताराची नव्वद दिवसांची मजुरी झाली. एवढे दिल्यावर नाटक मंडळीच्या मालकीचे होई. ते शंभर वेळा झाले तरी लेखकाला पुढे काही मिळत नसे, आणि छापले गेले तर छापणारा सुमारे दोन पौंडांत हस्तलिखित घेई. लेखकाचा हक्क अशी गोष्टच कायद्यात नव्हती. वर्षाला दोन नाटके दिली तरी १२ पौंड होत, तर त्याच वेळी स्ट्रॅटफर्डच्या शाळामास्तरला वर्षाला २० पौंड आणि राहायला घर होते. यावरून लेखणीची किंमत कळते.

शेक्सपिअर मात्र १५९४ पासून लॉर्ड चेंबरलेनच्या मंडळीत भागीदार होता. मार्च १५९५ मध्ये दरबारातल्या प्रयोगांचे २० पौंड ज्या तिघांच्या नावे दिले गेले त्यांत केम्प आणि बर्बेज या मंडळीतल्या नटांच्या बरोबरीने त्याचे नाव आहे. भागीदार म्हणजे पोशाख, नोकर नट, स्त्रीभूमिका करणारे मुलगे आणि नवी नाटके यांचा खर्च वजा जाता जे उरेल त्यात ठरलेला वाटा घेणारा. दुसरी आणि निर्णायक पायरी १५९९ साली आली. जमीनमालकाशी भांडण झाल्यावर मंडळीने डिसेंबर १५९८ मध्ये आपल्या जुन्या नाट्यगृहाचे लाकूड उतरवून थेम्सपलीकडे नेले आणि त्याचे ग्लोब हे नवे नाट्यगृह उभे केले. त्या इमारतीचा निम्मा हिस्सा दोघा बर्बेज बंधूंचा आणि उरलेला निम्मा पाच नटांचा. म्हणजे शेक्सपिअरचा एक दशांश.

वर्गात मी हे फळ्यावर मांडते. उदाहरणादाखल धरू की एका दुपारी १,५०० प्रेक्षक आले, त्यांतले १,००० एक पेनी देऊन पटांगणात उभे राहिले आणि ५०० जण दोन पेन्स देऊन सज्जांत बसले. पटांगणाचे १,००० पेन्स मंडळीकडे गेले. सज्जांच्या उत्पन्नाचा निम्मा भाग इमारतीच्या मालकांचा असे, म्हणजे ५०० पेन्स. त्याचा दहावा हिस्सा ५० पेन्स. जमिनीचे भाडे आणि दुरुस्ती त्यातून गेली तरी एका दुपारी, रंगमंचावर पाऊल न टाकता, केवळ मालक म्हणून शेक्सपिअरच्या नावावर सुताराच्या तीन दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम जमा होते. भागीदार नट म्हणून मिळणारा वाटा आणि नाटकाचा मोबदला निराळा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये एकाच वेळी लेखक, नट, मंडळीचा भागीदार आणि इमारतीचा हिस्सेदार असलेला माणूस जवळजवळ दुसरा नव्हता. त्याच्या प्रतिभेशी या व्यवस्थेचा संबंध काय असे कोणी विचारले तर मी म्हणेन की बराच आहे: ‘हॅम्लेट’ आणि ‘लिअर’ लिहिण्याचा अवकाश सहा पौंडांसाठी दर तीन महिन्यांनी नाटक पुरे करणाऱ्याला मिळाला नसता.

या पैशाचे त्याने काय केले? १५९६ मध्ये बापाच्या नावे कुलचिन्ह मिळवले, म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा कागदोपत्री परत आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अकरा वर्षांचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट वारला, त्यामुळे ते चिन्ह पुढे चालवणारे कोणी राहिले नाही. मे १५९७ मध्ये त्याने न्यू प्लेस हे स्ट्रॅटफर्डमधले दोन नंबरचे मोठे घर विकत घेतले. दस्तात ६० पौंड लिहिले आहेत आणि अशा दस्तांत खरी किंमत बहुधा यापेक्षा जास्त असे. ६० पौंड धरले तरी सुताराची ९०० दिवसांची मजुरी होते. १६०२ मध्ये ३२० पौंडांना १०७ एकर शेतजमीन. १६०५ मध्ये ४४० पौंडांना आसपासच्या शेतांच्या दशांश कराचा, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा वसूल करण्याचा, निम्मा मक्ता, ज्यातून वर्षाला सुमारे ६० पौंड येत. १६१३ मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात १४० पौंडांचे घर. लंडनमध्ये कमावलेला जवळजवळ सगळा पैसा गावातल्या मातीत गेला, आणि तोही एका क्रमाने: आधी मान, मग घर, मग जमीन. स्वतः लंडनमध्ये तो इतरांच्या घरी भाड्याने राहत राहिला.

छोट्या रकमांबाबतही तो सोडणारा नव्हता. १६०४ साली फिलिप रॉजर्स नावाच्या औषधविक्याने माल्टचे (बिअरसाठी मोड आणलेल्या जवाचे) आणि थोड्या उसन्या रकमेचे मिळून ३५ शिलिंग १० पेन्स थकवले म्हणून शेक्सपिअरने फिर्याद केली. १६०८–०९ मध्ये दुसऱ्या एकावर ६ पौंडांसाठी. उलट बाजूने, १५९७ मध्ये लंडनमधल्या बिशप्सगेटच्या करवसुली अधिकाऱ्यांनी ५ शिलिंग न भरणाऱ्यांत त्याचे नाव लिहिले आहे. या फिर्यादींवरून त्याला निष्ठुर ठरवणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे आणि ते मला पटत नाही, कारण त्या काळी स्थानिक न्यायालयात वसुलीचा दावा लावणे हा रोजच्या व्यापाराचा भाग होता. माल्टच्या साठ्याचे मात्र तसे नाही. तिथे विद्यार्थ्याचा प्रश्न खरा आहे.

१५९४ पासून सलग चार वर्षे इंग्लंडात पावसाने पिके बुडवली. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराणी टिटॅनिया जे सांगते, की बैलाने जू ओढले ते फुकट गेले, नांगरणाऱ्याचा घाम वाया गेला आणि हिरवे धान्य दाढी फुटण्याआधीच कुजले, ते परीकथेच्या आडून केलेले त्या वर्षांचे वर्णन आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्लंडमधल्या बांधकाम मजुरांच्या वेतनाची खाद्यपदार्थांच्या किमतींशी शतकानुशतके तुलना करणारा जो प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यात १५९७ हे साल सात शतकांत सर्वांत वाईट ठरले. याच साली शेक्सपिअरने न्यू प्लेस घेतले. स्ट्रॅटफर्डची अवस्था आणखी वाईट होती, कारण १५९४ आणि १५९५ च्या आगींत गावाचा मोठा भाग जळाला होता. सरकारने साठेबाजांची मोजणी करायला लावली, आणि फेब्रुवारी १५९८ च्या त्या यादीत न्यू प्लेसच्या मालकाच्या नावे १० क्वार्टर, म्हणजे ८० बुशेल माल्ट नोंदले आहे.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. त्यापासून एल ही बिअर करतात. स्ट्रॅटफर्ड हे माल्टचेच गाव, घरोघरी ते होई, आणि ते काम बहुधा घरातल्या बायकांकडे असे. शेक्सपिअर लंडनमध्ये असताना हा व्यवहार त्याची पत्नी ॲन सांभाळत असण्याचा संभव मोठा आहे. शेजाऱ्यांपैकी काहींचे साठे त्याच्याहून मोठे होते. हे सगळे सांगितले पाहिजे, आणि ते सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरते: पावासाठी लागणारे जव माल्टमध्ये अडकवणे हाच त्या वेळी लोकांच्या रागाचा विषय होता. जानेवारी १५९८ मधले गावातल्या एका सभासदाचे पत्र उपलब्ध आहे; त्यात तो लिहितो की माल्टवाल्यांना त्यांच्याच दारात फासावर लटकलेले पाहण्याची आशा लोक उघड बोलून दाखवत आहेत. त्या दारांत न्यू प्लेसचे दार होते.

आठ-नऊ वर्षांनी लिहिलेल्या ‘मॅकबेथ’मध्ये द्वारपाल नरकाच्या दारावरचा पहारेकरी असल्यासारखा बोलू लागतो, आणि त्याच्या कल्पनेत पहिला आत येणारा पापी आहे एक शेतकरी, ज्याने भाव चढतील म्हणून धान्य दाबून ठेवले आणि पीक चांगले येणार असे दिसताच गळफास घेतला. हे वाक्य बसवताना माझ्या नटाने विचारले होते की यात हसायचे कोणाला. मी त्याला १५९८ ची यादी दाखवली. लेखकाला हे माहीत होते आणि तरी त्याने लिहिले, यापलीकडे मी काही सांगू शकले नाही.

१५९८ च्याच ऑक्टोबरात रिचर्ड क्विनी हा स्ट्रॅटफर्डकर, आगी आणि नापिकीने पिचलेल्या गावाला करांतून सूट मिळावी म्हणून लंडनला आला होता. त्याच्या खर्चाचे पैसे संपले. २५ ऑक्टोबर १५९८ ला त्याने आपल्या ‘गाववाल्या’ शेक्सपिअरला ३० पौंड उसने मागणारे पत्र लिहिले. शेक्सपिअरच्या नावे लिहिलेले एवढे एकच पत्र टिकले, आणि ते क्विनीच्याच कागदांत सापडल्यामुळे ते पोचलेच नसावे असे मानतात. चौतिसाव्या वर्षी तो गावाच्या दृष्टीने काय झाला होता ते या पत्रातून दिसते: अडीअडचणीला ज्याच्याकडे जावे असा माणूस. बापाने गमावलेली पत मुलाने परत मिळवली होती.

आता लिअर. शेक्सपिअरच्या काळात गरिबांविषयीचा कायदा दोन हातांनी चालत होता. १५९८ आणि १६०१ च्या कायद्यांनी प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, गरिबांची व्यवस्था पाहणारे नेमले, गावकऱ्यांवर पट्टी बसवली, म्हातारे, आंधळे, अपंग यांना मदत आणि धडधाकटांना काम द्यायचे ठरवले. दुसऱ्या हाताने, परवान्याशिवाय फिरणाऱ्याला फटके मारून जन्मगावी हाकलून देण्याची तरतूद केली. यात खरी भीती भटक्यांची होती आणि खोटे सोंग घेणाऱ्या भिकाऱ्यांविषयी पुस्तिकांचा सुळसुळाट होता. सरदारपुत्र एडगर जीव वाचवण्यासाठी नेमके हेच सोंग घेतो: वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेला, अंगात काटे टोचून घेणारा ‘पुअर टॉम’. तो सांगतो की मला एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत फटके मारत नेतात, खोड्यात अडकवतात, तुरुंगात घालतात. ही कायद्याचीच कलमे आहेत, फक्त ती मार खाणाऱ्याच्या तोंडून ऐकू येतात. ज्या प्रेक्षकांना भिकाऱ्याचे सोंग ओळखायला शिकवले होते, त्यांच्यापुढे शेक्सपिअरने खरोखर सोंग घेतलेला भिकारी उभा केला आणि त्याच्याविषयी कळवळा वाटायला लावला.

त्याला पाहण्याच्या क्षणभर आधी लिअर झोपडीच्या दारात थांबतो, आधी विदूषकाला आत पाठवतो आणि मग बोलतो. या वादळात डोक्यावर छप्पर नसलेल्या, पोटाला अन्न नसलेल्या, चिंध्यांना भोकेच भोके पडलेल्यांचे रक्षण कशाने होत असेल, असे विचारून तो म्हणतो की याची मी फारच थोडी काळजी घेतली. ही ओळ राजाची आहे. गरिबी आहे ही बातमी त्यात नाही. राज्य हातात असताना आपण पाहिले नाही हा कबुलीजबाब आहे. एडगरचा आंधळा झालेला बाप ग्लॉस्टर पुढे पैशाची थैली टॉमच्या हाती देताना आणखी एक पाऊल टाकतो: वाटप असे व्हावे की अतिरेक नाहीसा होईल आणि प्रत्येकाला पुरेसे मिळेल. २६ डिसेंबर १६०६ रोजी, म्हणजे दानधर्माशी जोडलेल्या सेंट स्टीफनच्या सणाला, हे नाटक व्हाइटहॉलमध्ये खुद्द जेम्स राजापुढे झाले. राजाच्या गणवेशातल्या नटांनी राजाला हे ऐकवले. मराठी प्रेक्षकाला लिअर बहुधा शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधून भेटलेला असतो, आणि तिथे घर सुटलेला नट बूटपॉलिश करणाऱ्या मुलाच्या आसऱ्याला फूटपाथवर येतो, वादळातल्या झोपडीचा अर्थ शिरवाडकरांना नेमका कळला होता असे मला वाटते.

‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधल्या औषधविक्याचा प्रसंगही तितकाच महत्त्वाचा, जरी तो दोन पानांचा आहे. विष विकल्यास मरणाची शिक्षा आहे, पण भूक त्याच्या गालांवर दिसते. तो म्हणतो की माझी इच्छा नाही, माझे दारिद्र्य कबूल होते. आणि रोमिओ म्हणतो, मी तुझ्या दारिद्र्याला पैसे देतो आहे. गरिबाचा गुन्हा कोणाचा, हा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत दुसरीकडे क्वचितच मांडला गेला असेल.

मे–जून १६०७ मध्ये शेक्सपिअरच्याच वॉरिकशरमध्ये आणि शेजारच्या दोन परगण्यांत लोक उठले. जमीनदार शेतजमिनी आणि सामायिक कुरणे कुंपणांनी बंदिस्त करून मेंढ्यांना देत होते, त्यामुळे नांगर थांबत होता आणि धान्य महागत होते. लोकांनी कुंपणे उपटली आणि चर बुजवले. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या न्यूटन येथे जमीनदारांच्या माणसांनी चाळीसच्या वर लोक मारले. त्यानंतर लवकरच लिहिलेले ‘कोरिओलेनस’ उघडते तेच धान्यासाठी शस्त्रे घेऊन निघालेल्या नागरिकांवर. प्लुटार्क या प्राचीन चरित्रकाराच्या मूळ कथेत लोकांची पहिली तक्रार सावकारीची आहे. शेक्सपिअरने टंचाई पुढे आणली. त्यातला एक नागरिक म्हणतो की आमच्या हाडकुळेपणावरून त्यांना आपल्या सुबत्तेची मोजदाद करता येते. मेनेनियस हा उमराव मग पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगून त्यांना शांत करू पाहतो. नाटक लोकांच्या बाजूने आहे असे मी म्हणत नाही. तेच लोक पुढे सहज फिरवले जातात. पण भूक खरी आहे आणि गोदामे भरलेली आहेत हे त्यांचे म्हणणे नाटकात कोणी खोडून काढत नाही.

आणि सात वर्षांनी कुंपणाचा प्रश्न त्याच्या स्वतःच्या दारात आला. १६१४ मध्ये विल्यम कोंब या तरुण जमीनदाराने स्ट्रॅटफर्डजवळच्या वेल्कमची शेते बंदिस्त करायला घेतली. नगरसभेचा कडवा विरोध होता. त्याच वर्षीच्या आगीत गावातली ५४ घरे जळाली होती. शेक्सपिअरचा दशांश कर पिकांवर अवलंबून असल्याने नांगरट बंद झाली तर त्याचे उत्पन्न घटणार होते. ऑक्टोबर १६१४ मध्ये त्याने कोंबच्या हस्तकाशी करार करून नुकसानीची भरपाई मिळेल अशी स्वतःपुरती तजवीज केली. नगरसभेने त्याला पत्र पाठवले. त्याने तिच्या बाजूने काही केल्याची नोंद नाही. जानेवारी १६१५ मध्ये कोंबच्या माणसांनी खणलेले चर स्ट्रॅटफर्ड आणि बिशप्टनच्या बायकामुलांनी रातोरात बुजवले. पुढे न्यायाधीशांनीही कोंबला थोपवले.

नगरसभेचा कारकून थॉमस ग्रीन हा शेक्सपिअरचा नातलग म्हणवून घेई आणि काही काळ न्यू प्लेसमध्ये राहिलाही होता. त्याच्या टिपणवहीत सप्टेंबर १६१५ ची एक ओळ आहे: शेक्सपिअरने ग्रीनच्या भावाला सांगितले की ‘मला वेल्कमचे बंदिस्त होणे सहन होणे शक्य नव्हते’. यातला ‘मी’ कोण, शेक्सपिअर की टिपण लिहिणारा ग्रीन, हे वाक्यरचनेवरून ठरत नाही; आणि ‘सहन करणे’ की ‘अडवणे’, हेही त्या शब्दाच्या तेव्हाच्या स्पेलिंगवरून ठरत नाही. गरिबांच्या जमिनीविषयी शेक्सपिअर प्रत्यक्ष काय बोलला याचा एवढा एकच पुरावा आणि त्याचे दोन-तीन अर्थ होतात. मला त्याला वाचवण्याची घाई नाही. करार स्पष्ट आहे आणि टिपण अस्पष्ट. वजन कराराला दिले पाहिजे. म्हणूनच लिअरचा कबुलीजबाब मला खोटा वाटत नाही. ‘याची मी फारच थोडी काळजी घेतली’ हे वाक्य ज्याने काळजी घेतली त्याला लिहिण्याचे कारण नसते.

राहिला गरिबांसाठी त्याने प्रत्यक्ष काय ठेवले हा भाग. २५ मार्च १६१६ च्या मृत्युपत्रात धाकट्या मुलीला १५० पौंड आणि अटींवर आणखी १५०, बहिणीला २० पौंड आणि आपले कपडे, तिघा सहकारी नटांना अंगठ्यांसाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स, तलवार कोंब घराण्यातल्या थॉमसला, आणि घर, जमीन, दशांश कर असे बाकीचे जवळजवळ सगळे थोरल्या मुलीला. या सगळ्यात एक ओळ स्ट्रॅटफर्डच्या गरिबांसाठी आहे: दहा पौंड. त्या गावातल्या त्याच्या तोलामोलाच्या माणसाने ठेवावी तेवढीच ही रक्कम होती. १५७८ च्या ठरावातल्या चार पेन्सांनी भागले तर ती सहाशे आठवड्यांची पट्टी होते.